जेल नखांचा चटका : दोष दिव्याचा की थराचा?

प्रश्न : मी गेले काही महिने घरीच जेल नखे करते, म्हणजे नखांवर जेल लावून ते दिव्याच्या प्रकाशात घट्ट करते. रंगाच्या जेलचा मला काहीच त्रास होत नाही. पण नखाला उंची देणारे जाड बिल्डर जेल लावून हात दिव्यात घातला, की पाच-सहा सेकंदांत नखाखाली असा चटका बसतो की हात ओढून घ्यावा लागतो. अंगठ्याला आणि तर्जनीला तो सर्वांत जास्त जाणवतो. अलीकडे मी जुना दिवा बदलून ४८ वॅटचा एलईडी दिवा घेतला, तेव्हापासून हे वाढले आहे. दिवा सदोष असेल का?

उत्तर : दिवा सदोष असण्याची शक्यता कमी आहे, कारण तुम्हाला भाजते ती उष्णता मुख्यतः दिव्याची नसून जेलची आहे. जेलमध्ये अॅक्रिलेट गटातील लहान रेणू असतात आणि प्रकाश शोषून अभिक्रियेला चालना देणारा एक घटक असतो. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला, की हे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या तयार होतात आणि पातळ जेल घट्ट होते. ही अभिक्रिया ऊष्मादायी आहे, म्हणजे प्रत्येक जोडणीबरोबर थोडी उष्णता बाहेर पडते. जेल जितके जास्त आणि जोडण्या जितक्या झटपट, तितकी ती उष्णता थोड्या वेळात एकवटते. रंगाच्या जेलचा थर अगदी पातळ असतो, म्हणून त्याची उष्णता जाणवत नाही. बिल्डर जेल मात्र नखाला उंची आणि बळ देण्यासाठी जाड लावले जाते. त्यातून ते पारदर्शक असेल तर प्रकाश थेट तळापर्यंत पोचतो आणि सगळा थर एकदमच पेट घेतल्यासारखा तापतो. जुन्या नळ्यांच्या दिव्यात जे काम दोन मिनिटांत होई, ते एलईडी दिव्यात बहुधा अर्ध्या ते एका मिनिटात होते, हे नवा दिवा आल्यावर चटका वाढण्याचे सरळ कारण आहे. (वॅटचा आकडा दिवा किती वीज घेतो ते सांगतो, नखावर किती प्रकाश पडतो ते नव्हे, त्यामुळे खोक्यावरचा मोठा आकडा पाहून दिवा निवडण्यात फारसा अर्थ नाही.)

तेव्हा उपाय दोन ठिकाणी करायचा आहे : थरात आणि पहिल्या काही सेकंदांत. एकाच जाड थरात हवी ती उंची गाठण्याऐवजी दोन किंवा तीन पातळ थर लावावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वेळ दिव्याखाली ठेवून मगच पुढचा लावावा. दुसऱ्या थराची उष्णता नखापर्यंत पोचण्याआधी पहिला, आधीच घट्ट झालेला थर मध्ये येतो, हाही त्यातला फायदा. दिव्याला ‘लो हीट’ची सोय असेल, तर बिल्डर जेलसाठी तीच वापरावी, तिच्यात प्रकाश मंद सुरू होऊन हळूहळू वाढतो आणि एकूण वेळ लांबतो. तशी सोय नसेल, तर बोटे एकदम आत न सारता आधी दिव्याच्या तोंडाशी धरावीत, दोन-तीन सेकंदांनी बाहेर घ्यावीत, ऊब ओसरली की थोडी आणखी आत न्यावीत, आणि असे काही वेळा करून मगच हात पुरता आत ठेवावा. यात महत्त्वाचे हे, की हात चटका बसण्यापूर्वी बाहेर काढायचा आहे, बसल्यावर नव्हे. उष्णतेची लाट सुरुवातीलाच येते. बरेचसे रेणू जोडले गेले, की उरलेला वेळ हात निवांत आत राहू शकतो. मात्र हे आत-बाहेर केलेले सेकंद नेमून दिलेल्या वेळात धरू नयेत. शेवटी पूर्ण वेळ द्यावाच. चटका बसताच बोटांची टोके टेबलावर दाबून धरण्याची युक्ती अनेक जण सांगतात. तिने क्षणभर बरे वाटत असेल, पण तिने थराची जाडी काही कमी होत नाही.

आता अंगठ्याविषयी आणि तर्जनीविषयी. अंगठ्याचे नख रुंद असल्याने त्यावर जेलच अधिक बसते. तर्जनीचे कारण मला निराळे वाटते. तिचे नख जेल काढल्यावर उघडे असताना बाजूने पाहा आणि हलकेच दाबा : इतर नखांपेक्षा ते सहज वाकते का, त्यावर आडवा लालसर पट्टा दिसतो का? तसे असेल, तर फाइलने घासताना ते पातळ झाले आहे. नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, आणि त्याखालच्या त्वचेत चेतातंतूंचे दाट जाळे असते. ते अर्ध्या मिलिमीटरचे आवरणही झिजले, तर पातळ थराचीसुद्धा ऊब टोचू लागते. जेल धरण्यासाठी नखाची फक्त चकाकी जाईल इतकेच घासणे पुरते. विजेवर चालणारी फाइल नवशिक्याने नैसर्गिक नखावर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : चटका टाळण्यासाठी मी ६० सेकंदांऐवजी २० सेकंदांतच हात काढते. वरून जेल कडक झालेले असते. यात काही बिघडते का?

उत्तर : होय, आणि चटक्यापेक्षा अधिक बिघडते. वरचा भाग कडक झाला, तरी तळाशी न जोडलेले रेणू शिल्लक राहू शकतात आणि त्यांचा त्वचेशी वारंवार संपर्क आला, तर अॅलर्जी उद्भवू शकते. बोटांच्या कडांना खाज, लाली, भेगा अशी ती दिसते. एकदा जडलेली ही अॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या याच कुळातल्या पदार्थांचाही पुढे त्रास होऊ शकतो. म्हणून वेळ कमी न करता थर पातळ करावा, कातडीला जेल लागू देऊ नये, आणि शक्यतो त्या जेलसाठी त्याच उत्पादकाने सुचवलेला दिवा वापरावा.

प्रश्न : परवा बसलेल्या चटक्यानंतर एक नख अजून ठणकते आहे. काय करावे?

उत्तर : क्षणभराचा चटका हात बाहेर काढताच ओसरतो, तुमच्या नखाचे तसे झालेले नाही, तेव्हा हे भाजणे समजावे. भाजल्याबरोबर बोट सुमारे २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायला हवे होते. बर्फ लावू नये. आता त्या नखावर नवे जेल लावू नका. नखाखाली पाणी किंवा रक्त साचलेले दिसत असेल, नख त्वचेपासून सुटून पांढरे पडत असेल किंवा ठणका वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि डॉक्सिसायक्लिनसारखे प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारे औषध चालू असल्यास तेही सांगा. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे इजा झालेला भाग पुरता पुढे सरकून कापला जायला सहा महिनेही लागू शकतात.