दप्तरांशेजारी बसलेली मुलं बघ

प्रश्न : मी बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, शेवटच्या सत्रात आहे. इंटर्नशिपसाठी हडपसरकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत जाते. महिन्यापूर्वी आठवीतली एक मुलगी सहाशे मीटर धावताना चक्कर येऊन पडली. दोन वर्षं शिकूनही मला काय करावं ते सुचलं नाही. शेवटी शाळेतल्या मावशींनीच तिला सावलीत नेलं. तेव्हापासून वाटतंय, मला येतं तरी काय? बाबा म्हणतात, शाळेत पी.टी.च्या शिक्षकाला भविष्य नाही, जिम ट्रेनरचा कोर्स कर. मैत्रिणी एम.पी.एड.चे फॉर्म भरतायत. मला शाळाच आवडते. मी पुढे नेमकं काय शिकू? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी त्या मुलीचं बोलू, करिअरचं मागून.

चक्कर येऊन पडलेल्या मुलाला सावलीत उताणं निजवायचं, पाय फूटभर उंच धरायचे, गळ्याशी-कमरेशी कपडे सैल करायचे आणि भोवतीची गर्दी हटवायची. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. आपल्याकडे सगळ्यात आधी हीच चूक होते. नुसती भोवळ असेल तर मिनिटभरात मूल डोळे उघडतं. नाही उघडले तर श्वास बघायचा आणि कुणाला तरी १०८ला फोन करायला लावायचा. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० या गतीने तीस वेळा दाबायचं, मग दोनदा श्वास द्यायचा, आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवायचं. आणि अंग तापलेलं असून मूल असंबद्ध बडबडत असेल तर तो उष्माघात असू शकतो. तिथे पाण्याने अंग गार करणं हेच पहिलं काम. दवाखान्यात न्यायचंच, पण गार करायला गाडीची वाट बघायची नाही.

हे वाचून येत नाही, हातांना सवय लागावी लागते. पुतळ्यावर दोन-तीनशे वेळा दाबल्याशिवाय किती जोर लागतो ते कळत नाही. म्हणून तुझ्या यादीत पहिला कोर्स प्रथमोपचाराचा. सेंट जॉन अँब्युलन्ससारख्या संस्था तो शिकवतात. सत्राची परीक्षा संपली की लगेच कर, आणि पुढे नोकरीत असतानाही ठरावीक काळाने पुन्हा कर, कारण न वापरलेलं हात विसरतात. त्या दिवशी तुला सुचलं नाही याचा कमीपणा वाटून घेऊ नकोस. शिकवलेलं कागदावर होतं, हातात उतरलं नव्हतं, एवढंच त्यावरून कळलं.

आता दुसरी गोष्ट. ती मुलगी पडली का? सकाळी काही खाऊन आली होती? पाळी चालू होती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहावीच्या तीस मुली रांगेत उभ्या केल्या तर त्यातल्या निम्म्यांहून अधिक जणींना तू ज्या दमाने धावायला सांगतेस तो दम रक्तातच नसण्याची शक्यता आहे. शाळांमधून आठवड्याला लोहाची गोळी द्यायची योजना आहे, पण ती गोळी मुली खरंच गिळतात, की मळमळतं म्हणून खिशात ठेवतात, हे कुणाला माहीत असतं? उपाशीपोटी घेऊ नये, जेवणाला लागून चहा पिऊ नये, ही साधी माहिती त्यांना कोण देतं? शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी सांगितलं तर मुली ऐकतात. वर्गातल्या बाकापेक्षा मैदानाच्या कडेला मुली मोकळं बोलतात, हे मी अनेक शिक्षिकांकडून ऐकलंय.

आपल्या विषयाचं नाव ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असं आहे. त्यातला ‘आरोग्य’ हा शब्द वेळापत्रकातून कधीच गळाला आणि उरली ती पी.टी. पुढे काय शिकायचं, याचं माझं अर्धं उत्तर त्या गळालेल्या शब्दात आहे.

उरलेलं अर्धं सांगायला थोडं माझं सांगावं लागेल. मला लहानपणी दमा होता. पी.टी.चा तास शेवटचा असे, सगळ्यांची दप्तरं मैदानावर यायची, आणि पाचवीपासून दहावीपर्यंत ती राखायचं काम माझ्याकडे होतं. ‘तू बस तिकडे’ एवढंच सरांनी मला सहा वर्षांत सांगितलं. माझ्या शेजारी पोलिओने पाय अधू झालेला एक मुलगा बसायचा, आणि दर महिन्याला वेगवेगळ्या चार-पाच मुली. सर वाईट नव्हते. दम्याच्या मुलाला हळूहळू अंग तापवून, डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ ठेवून खेळता येतं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. मला ते कळलं पस्तिसाव्या वर्षी. मधली वर्षं मी ‘आपल्या शरीराला हे जमत नाही’ असं धरून जगले. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही, आणि लिहायची इच्छाही नाही.

म्हणून कोणताही कोर्स, कार्यशाळा, पदवी समोर आली की एकच प्रश्न विचार : हे शिकून दप्तरांशेजारी बसलेलं एखादं मूल उठून खेळायला येईल का? उत्तर हो असेल तर पैसे आणि सुट्ट्या दोन्ही खर्च कर.

या प्रश्नावर तुझ्यासमोरचे पर्याय लावून बघ. जिम ट्रेनरचे कोर्स बहुतेक प्रौढांच्या शरीरासाठी बांधलेले असतात. वाढीच्या वयात हाडांच्या टोकाशी मऊ, वाढणारा भाग असतो. बारा-तेरा वर्षांच्या खूप उड्या मारणाऱ्या मुलाच्या गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखायला लागतं ते त्यामुळेच. अशा मुलाला ‘सहन कर’ म्हणणारा शिक्षक त्याचं नुकसान करतो. मुलांच्या वाढीचं शास्त्र ज्यात नीट शिकवत नाहीत, तो कोर्स शाळेसाठी अपुरा.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स किंवा वर्षाचा डिप्लोमा उत्तम आहे. तुझा एखादा खेळ पक्का असेल, खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्स, तर तो जरूर कर. पण लक्षात ठेव, प्रशिक्षक मुलं निवडतो. शिक्षकाला निवडायची मुभा नसते, समोर येतील ती सगळी मुलं त्याची.

एम.पी.एड. दोन वर्षांचं आहे. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर ते हवंच, आणि त्यापुढे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षाही. शाळेत राहायचं पक्कं असेल तर माझं स्पष्ट मत, आधी दोन-तीन वर्षं शाळेत काढ आणि मग एम.पी.एड.ला जा. तेव्हा तुझ्याकडे प्रबंधासाठी खरे प्रश्न असतील. आत्ता गेलीस तर विषय मार्गदर्शक देतील आणि तू तो पूर्ण करशील.

योगाचं म्हणशील तर लोणावळ्याचं कैवल्यधाम तुझ्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते सुरू केलं, योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करायचा म्हणून. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्यांच्याच गुलटेकडीच्या आगाशे महाविद्यालयातून आज शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडतात. शंभर वर्षांपूर्वी या परिसरातल्या माणसांना शरीराचं शिक्षण अभ्यासाचा विषय वाटत होता. तू त्या गावात शिकतेयस, तिथल्या ग्रंथालयांचा आणि जाणत्या माणसांचा उपयोग करून घे.

सर्वसमावेशक खेळाचं प्रशिक्षण मात्र मी तुला आग्रहाने सांगेन. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजलेत. ही मुलं आता नेहमीच्या शाळेत येतात, आणि खेळाच्या तासाला पुन्हा कडेला बसतात. ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याच्यासाठी रंगीत रुमाल हलवून शर्यत सुरू करता येते. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी घुंगरू भरलेला चेंडू असतो. लंगडी-लगोरीचे नियम एका मुलापुरते थोडे वाकवले तर खेळ मोडत नाही. याला खर्च जवळपास नाही, पण कुणीतरी एकदा करून दाखवावं लागतं.

त्यातच पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची माहिती घे. जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शिकवताना आधार देण्यासाठी हात लावावा लागतो. तो कुठे आणि कसा लावणार हे मुलाला आधी सांगायचं असतं. आणि एखाद्या मुलाने तुला विश्वासाने अशा अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर ते पोलिसांपर्यंत पोचवणं कायद्याने तुझ्यावर बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून थांबता येत नाही.

आता बाबांची काळजी. ती खोटी नाही, आणि मी ती उडवून लावणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला ‘अंशकालीन निदेशक’ धरलाय. कायद्यानेच आपल्या विषयाला अर्धवेळ मानलं. अनुदानित शाळेतल्या पदासाठी टेट ही शिक्षकांची अभियोग्यता परीक्षा आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट असते, आणि ती वाट बघण्यात काही जणांची उमेद जाते. दुसरीकडे सीबीएसईने २०१८ पासून नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोजचा तास सक्तीचा केलाय, आणि पुण्यात अशा शाळा भरपूर आहेत. बाबांना सांग, टेटचा अभ्यास चालू ठेवून मी खासगी शाळेत दोन वर्षं काम करते. मुदत ठरवून बोललीस की वडीलमाणसं ऐकतात. मात्र मुलाखतीला फक्त पदवीपत्र घेऊन जाऊ नकोस. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, दिव्यांग मुलांसोबत घेतलेल्या दोन-तीन तासांची टाचणं आणि तुझी वही घेऊन जा.

वही कसली, ते सांगते. रोज तास संपल्यावर पाच ओळी लिहायच्या : आज कोण खेळलं नाही, आणि का. सुरुवातीला ‘पोट दुखतंय’, ‘बूट आणले नाहीत’ अशीच कारणं येतील. महिन्याने खरी कारणं दिसायला लागतात. एका मुलाला जाड म्हणून हसतात, म्हणून तो बसतो. एका मुलीकडे एकच गणवेश आहे, तो मळला तर उद्या काय घालणार? एकीला दम लागतो. मग तुला काय येत नाही ते नेमकं कळतं, आणि काय शिकायचं हे जाहिराती ठरवत नाहीत.

त्याच वहीत चाचण्यांचे आकडे ठेव. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्या तुम्ही घेताच, पन्नास मीटर, सहाशे मीटर, बसून पुढे वाकणं. आकडे ॲपमध्ये भरले की काम संपलं असं समजतात. तसं करू नकोस. जूनमध्ये सहाशे मीटर अर्धं चालत गेलेली मुलगी डिसेंबरमध्ये थांबून थांबून का होईना धावली, तर तिला तिचेच दोन आकडे शेजारी ठेवून दाखव. वर्गातल्या पहिल्या मुलीचा आकडा तिला दाखवू नकोस.

नोकरी लागल्यावर प्रशिक्षणं तुझ्याकडे चालत येतील. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा घातलीय. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर व्हिडिओ असतात. बारा आणि चोवीस वर्षांनी वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षणही असतं. यातले बरेच तास भाषा-गणिताच्या शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून आखलेले असतात, आणि मैदानावरचा माणूस मागे बसून सही करतो. तू तशी बसू नकोस, आपल्या विषयाचं माग. शासकीय आणि अनुदानित शाळांत आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करतात, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. पोषण, भावनिक आरोग्य, व्यसनं, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे अकरा विषय त्यात आहेत. मुख्याध्यापकांनी नाव विचारायच्या आधीच तुझं दे.

आणि एकटी शिकू नकोस. बहुतेक शाळांत आपल्या विषयाचा शिक्षक एकच असतो, बोलायला दुसरं कुणी नसतं. आंतरशालेय स्पर्धांना सणस मैदानावर किंवा बालेवाडीला सगळे भेटतात, पण ते आपापल्या संघाच्या गडबडीत. तिथे तीन-चार समविचारी शिक्षक हेर. महिन्यातून एका शनिवारी एकाच्या शाळेत जमा, त्याचा एक तास बाकीच्यांनी बघायचा, मग चहा घेत बोलायचं. कोण किती वेळ रांगेत उभं होतं, प्रत्यक्ष किती मिनिटं हललं, हे घड्याळ लावून मोजा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल सांगते. आपल्या चाळीस मिनिटांच्या तासात कितीतरी मुलांच्या वाट्याला त्यातली दहाही येत नाहीत, हे पहिल्याच शनिवारी दिसेल. दुसऱ्या शनिवारी रांगा छोट्या झालेल्या असतील.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस. ती आठवीतली मुलगी त्यानंतर पुन्हा धावली का? महिना झालाय. ती आता दप्तरांशेजारी बसत असेल, अशी मला भीती वाटते. उद्या शाळेत गेलीस की आधी तिच्याकडे जा, सकाळी काय खाऊन आली ते विचार, आणि तास सुरू झाला की पहिली फेरी तिच्यासोबत चालत मार.