पगार सोडून ईसॉप घ्यावेत का?

प्रश्न : मी २९ वर्षांचा, पुण्यात एका स्टार्टअपमध्ये बॅकएंड डेव्हलपर आहे. करपात्र उत्पन्न १६ लाख, हातात महिन्याला १ लाख १८ हजार, घराचा हप्ता ४२ हजार, शिल्लक २ लाख ६० हजार. दर सोमवारी नवा रोडमॅप येतो. गेले तीन पगार १०, १८ आणि २६ तारखेला झाले. आता कंपनी म्हणते, ३० टक्के पगार कमी घ्या, बदल्यात जास्तीचे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात विकत घेण्याचे हक्क (ऑप्शन), देतो. माझे आधीचे ४,००० ऑप्शन व्हेस्ट झालेत, म्हणजे ते शेअर मी आता विकत घेऊ शकतो. पर्सनल लोन काढून तेही घेऊन टाकू का? टीमला अर्ध्यावर सोडणं जिवावर येतं.

उत्तर : पगार कमी करून घेऊ नका आणि कर्ज तर मुळीच काढू नका.

तुमच्या पत्रात माझं लक्ष त्या तीन तारखांवर खिळलं. सादरीकरणात व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत, काहीही दाखवोत, कंपनीच्या खात्यात किती पैसे आहेत ते पगाराच्या तारखेवरून कळतं. आणि इथे ती तारीख दर महिन्याला आठ दिवस पुढे सरकते आहे.

कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे बंद करून तिची मालमत्ता विकायची वेळ आली, तर पैसे कोणाला आधी मिळायचे हे दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये ठरलेलं आहे. कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांपर्यंतच्या थकीत पगाराला त्या रांगेत जागा आहे. साध्या शेअरधारकाचा नंबर अगदी शेवटी. म्हणजे पगाराच्या बदल्यात शेअर घेताना तुम्ही स्वतःहून रांगेत मागे जाऊन उभे राहता. शिवाय कपात पुढच्या महिन्यापासून, आणि नवे ऑप्शन मात्र कंपनी कायद्याच्या नियमांनुसार किमान एक वर्ष व्हेस्टच होणार नाहीत. तोवर ८३ हजारांत ४२ हजारांचा हप्ता भरायचा.

आता जुने ४,००० ऑप्शन. तुम्ही कळवलेली एक्सरसाइज किंमत (एक शेअर घेण्याचा ठरलेला भाव) ६० रुपये, म्हणजे एकूण २ लाख ४० हजार. तुमचा हिशोब इथेच थांबलाय. कंपनीने बाजारभाव २१० धरलाय, त्यामुळे फरकाचे ६ लाख तुमच्या पगारात मिळवले जातील. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्यावर सुमारे १ लाख ३५ हजार कर बसतो, तोही एक पैसा हातात न येता. काही मान्यताप्राप्त स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की तो भरावाच लागतो. एकूण पावणेचार लाख घालून मिळणार काय, तर लिस्ट न झालेल्या कंपनीचे शेअर. माझ्या एका अशिलाच्या फाइलमध्ये असे शेअर अनेक वर्षं पडून आहेत. कागदावर भाव आहे, पण गिऱ्हाईक नाही.

आज रात्रीच एक काम करा. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा आणि शेजारी पगाराच्या स्लिपा ठेवा. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं दिसलं तर ईपीएफओकडे तक्रार करा. टीडीएससाठी, म्हणजे पगारातून कापलेल्या करासाठी, आयकर खात्याचं २६एएस हे विवरण पाहा. कापलेला टीडीएस मालकाने भरला नाही, तर तो कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. पण कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. स्लिपा आणि बँक स्टेटमेंट ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, घरच्या मेलवर घ्या.

टीमबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं, कारण तुमच्यासारखी माणसंच अशा ठिकाणी सगळ्यात जास्त थांबतात. पण तुमचे सहकारीही हाच हिशोब मांडत असणार. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

कपातीला होकार ईमेलवर देऊ नका, तोंडीही नको. थकीत पगाराची मागणी मात्र लेखी करा. मुलाखती या आठवड्यापासून सुरू करा, पण ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. २ लाख ६० हजारांना हात न लावता ते लिक्विड फंडात किंवा मुदत ठेवीत राहू द्या. नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरून शेअर घ्यायला बऱ्याच योजनांत ९० दिवस मिळतात. तुमच्या ग्रँट लेटरमध्ये, म्हणजे ऑप्शन देतानाच्या पत्रात, किती दिवस आहेत ते बघा. त्या मुदतीत कंपनीत खरोखर नवा पैसा आला, पगार १ तारखेला होऊ लागले, तर मला पुन्हा लिहा.