दाखल्याचे तेराशे रुपये

प्रश्न : मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात हेल्पर आहे. पगार साडेअठरा हजार. कावीळ झाली म्हणून अठरा दिवस गावी, पाचोरा तालुक्यात पडून होतो. तिथल्या डॉक्टरांनी आजारपणाच्या दाखल्याचे ३०० आणि फिटनेसचे २०० घेतले. एचआरने दाखला परत केला, ‘आमच्याच फॉर्मवर आणा’ म्हणे. त्याचे पुन्हा ३००. तरी शंका म्हणून त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे ५०० गेले. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे सगळं कंपनी भरते. आजारी बी मी, पैसा बी मनाच?

उत्तर : भाऊ, मी दालमिलच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढली. असे फॉर्म परत करणारा मीच होतो, त्यामुळे थोडं पाप माझ्याही खात्यावर आहे.

मावसभावाचं निम्मंच खरं. अमेरिकेच्या १९९३च्या रजा कायद्यात पहिल्या दाखल्याचा खर्च कामगाराचाच असतो, कामावर परतताना लागणाऱ्या फिटनेसचाही. मालकाला शंका आली आणि त्याने दुसऱ्या डॉक्टरचं मत मागवलं, तर ते पैसे मात्र मालकाचे.

कायदा तिकडचा असला तरी, ज्याला शंका, त्याने पैसे भरावेत, हे मला पटतं. तेव्हा शेवटचे ५०० तुम्ही कंपनीकडे मागा. त्याआधी कारखान्याचे स्थायी आदेश (नोकरीचे लेखी नियम) किंवा युनियनचा करार वाचा, त्यात काही लिहिलं असेल तर तेच धरून बोला. फॉर्म बदलल्याचे ३०० डॉक्टरांनी घ्यायला नको होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार त्यांना दाखल्यांची नोंदवही आणि प्रत ठेवावी लागते. त्यावरून फॉर्म भरायला पाच मिनिटं पुरतात.

पण मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पगार २१,००० च्या आत, म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असायला हवेत. पगाराची स्लिप काढा : ०.७५ टक्क्याने महिन्याला १३९ रुपये कापलेले दिसतील. मालक वरून ३.२५ टक्के भरतो. ईएसआयच्या डॉक्टरकडे गेला असतात तर उपचार आणि दाखला, दोन्हींना खिशात हात घालावा लागला नसता. शिवाय आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. तुमचे सोळा दिवस उरतात, म्हणजे अंदाजे सात हजार. तुम्ही तेराशेसाठी भांडताय!

खाजगी कागद घेऊनही ईएसआय कार्यालयात जा. त्यांच्या डॉक्टरच्या दाखल्याऐवजी दुसरा पुरावा ग्राह्य धरायचा अधिकार त्यांना आहे. धरतीलच असं नाही, पण उशीर केलात तर बोलायलाही जागा राहणार नाही.

पाचशेचा अर्ज साध्या कागदावर द्या, पावती जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मारताना टाइम ऑफिसवाला ‘साहेब आल्यावर बघू’ म्हणेल. मीही म्हणायचो. तिथेच उभे राहा.