आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कारने माहेरी येताना बाळ मांडीवर घ्यावं की चाइल्ड सीटमध्ये? मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावायचा का?

ताई, बाळ सीटमध्ये, आणि हो, मागच्यांनीही बेल्ट लावायचा.

तुम्ही लिहिलंय की आखाजीला पुण्याहून अमळनेरला यायचंय. सोबत नऊ महिन्यांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि तुम्हाला न्यायला आलेली आई. आईचं म्हणणं, "काही व्हत नही, मी धरस ना त्याले." माझं जळगावात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. हे वाक्य आमच्या गिऱ्हाइकांच्या घरोघरी चालतं, त्यामुळे आधी त्याचंच बघू.

बाळ दहा किलोचं धरा, गाडीचा वेग ताशी ५०. समोर ट्रॅक्टर आडवा आला आणि धडकेत सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबलं, तर त्या बाळाचा आजीच्या हातांवर साधारण १४० किलोचा ओढा येतो. आपल्याकडे जिनिंगमधून निघणारी कापसाची गाठ १७० किलोची असते. तिच्या जवळपासचं वजन अचानक हिसका देऊन निघालं तर कुणाच्या हातात राहील? धुळे-जळगाव हायवेवर तर ५० ने कुणी चालवतही नाही. त्यातून आजीने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तीच बाळावर जाऊन आदळते. काही जण शहाणपणा म्हणून एकाच बेल्टमध्ये आजी आणि बाळ दोघांना बांधतात. तेही नको. धडकेत बाळ बेल्ट आणि मोठ्या माणसाचं शरीर यांच्यामध्ये चेपलं जातं.

नऊ महिन्यांच्या बाळाची सीट उलटी लागते, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. उलट्या सीटमध्ये समोरच्या धडकेचा जोर पूर्ण पाठीवर पसरतो, मानेला हिसका फार कमी बसतो. युरोपच्या आर१२९ नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं असं आहे. सीट जेवढ्या वजन-उंचीपर्यंत चालते तेवढे दिवस उलटं ठेवलं तर आणखी चांगलं. पाय दुमडले तर दुमडू द्या, पोरं मस्त मांडी घालून बसतात. ही सीट मागेच लावायची. पुढे, चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच नाही, कारण एअरबॅग उघडते तीच बाळाच्या डोक्यामागे हाणल्यासारखी.

घेताना सीटवर ईसीई आर४४/०४ किंवा आर१२९ असं नारिंगी लेबल आहे का बघा. चुलत भावाच्या पोराची जुनी सीट मिळत असेल तर जरूर घ्या, पण ती अपघातातली नाही आणि मुदत संपलेली नाही याची खात्री हवी. अनोळखी माणसाची सेकंड-हँड सीट मी घेणार नाही. पट्टे किती घट्ट ठेवायचे, तर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर ढिला आहे. आणि सीट बसवल्यावर ती जिथे बांधली आहे तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा.

मुलीला पाठ असलेला बूस्टर, म्हणजे पोरीला उंच बसवणारी बैठक घ्या. मोठ्यांचा बेल्ट सहा वर्षांच्या पोरीच्या गळ्याला घासतो आणि खालचा पट्टा पोटावर येतो. बेल्ट मांडीच्या वरच्या टोकाला, कमरेच्या हाडावर हवा आणि वरचा खांद्याच्या मधोमध. गळ्याला टोचतो म्हणून काखेखालून घेऊ देऊ नका. बूस्टरला खांद्यावरून येणारा बेल्ट लागतोच. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर चालत नाही. म्हणून दोन्ही पोरं कडेला, आई मध्ये. उंची साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर सोडू नका, वय काहीही असो.

आता माझ्या धंद्यातलं. चाइल्ड सीट घ्यायला दुकानात जाण्याआधी गाडी उघडा आणि मागच्या सीटची बकलं शोधा. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांमध्ये ती रेक्झिनच्या कव्हरखाली गाडलेली असतात. कारागीर कव्हर ताणून बसवतो, बकल आत ढकलतो, आणि मालक म्हणतो, "मागे कोण लावतं?" आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या कड्यांचंही तेच होतं. पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोट घाला, लोखंडी कडी लागते. कव्हरने ती झाकली असेल तर कव्हर तेवढ्यापुरतं कापून घ्या, कुठलाही कारागीर करून देईल. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथे साधं कव्हर चढवूच नका. आणि बेल्टच्या जागी खोचायची, गाडीची पींपीं बंद करणारी ती क्लिप? २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती ऑनलाइन दुकानांवरून काढायला लावली. तरी लोक मागतात. आमच्याकडे मिळत नाही म्हटलं की शेजारच्या गल्लीत जातात.

मागे बेल्ट का, हे आईला पटवायचं असेल तर उद्योगपती सायरस मिस्त्रींचं सांगा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. मोठी, महागडी गाडी होती. मागे बसलेले दोघे गेले, आणि दोघांनीही बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. बेल्ट न लावलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळून पुढच्याचाही जीव घेऊ शकतो. दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब मध्ये चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये आहेत. हवालदार मागच्या सीटवर क्वचितच डोकावतो, पण त्या भरवशावर राहू नका.

ऊन हे आपल्याकडचं वेगळं प्रकरण. आखाजीच्या सुमारास भुसावळ-जळगावला पारा ४२-४४ ला सहज जातो. उन्हात उभ्या गाडीत बकलचं लोखंड इतकं तापतं की पोराच्या मांडीला चटका बसतो. गाडी लावली की सीटवर पांढरं उपरणं टाका आणि बांधण्याआधी बकल हाताने चाचपा. उलट्या सीटमध्ये एसीचा वारा कमी पोचतो, म्हणून बाळाला सुती झबलंच घाला. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून पोरांना बंद गाडीत ठेवू नका.

परतीच्या वेळी माहेरचे लोक गहू, पापड, कुरडया, केळीचे वेफर्स, तेलाचा डबा, सगळं देणार. ते डिकीत. डबा मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवला तर धडकेत तोच डोक्यात बसेल.

बाळ रडेल, रडूच द्या असं मी म्हणणार नाही. पण चालत्या गाडीत सोडवून पाजायला घेऊ नका, गाडी थांबवा. तसंही दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून थोडं सरळ झोपवायला हवं. छत्रपती संभाजीनगरवरून येत असाल तर कन्नड सोडण्याआधीच थांबून पाजून घ्या. पुढे चाळीसगावच्या वाटेवर घाट आहे, तिथे कडेला गाडी लावायला धड जागा मिळत नाही.