ईको व्हॅनला कपाट की रॅक?

प्रश्न : मी फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी दुरुस्त करतो. आजवर स्कूटरवर काम चाललं, आता जुनी ईको घेऊन मागच्या सीट काढल्या आहेत. सुतार म्हणतो, दोन्ही बाजूंना छतापर्यंत 18 मिमी प्लायचं कपाट करू. मित्र म्हणतो, दुकानातले भोकांच्या पट्ट्यांचे लोखंडी रॅक बसव. काय करावं? – एक वाचक, डिचोली

उत्तर : सुताराला आधी थांबवा. 18 मिमी प्लायची 8 बाय 4 ची एक शीट 35 किलोच्या आसपास भरते. छतापर्यंतच्या कपाटांना अशा चार-पाच सहज लागतील. म्हणजे गाडीत एक पानाही पडायच्या आत दोन धडधाकट माणसं कायमची मागे बसली. सुतार घरातल्या कपाटाचा विचार करतो, त्यात त्याचा दोष नाही. घर ब्रेक मारत नाही.

लोखंडी पट्ट्यांचे रॅक जागेवर उभे असतात तोवर छान. हादऱ्यांनी त्यांचे नट सुटतात, आणि कापलेली टोकं आपल्या पावसाळ्यात पहिल्याच वर्षी तांबूस होतात. कळंगुट-कांदोळीकडची गिऱ्हाइकं असतील तर खारा वारा वेगळाच.

मी फोंड्याला गाड्यांच्या बॉडी बांधण्यात उमर घालवली. माझ्या हाताला पटतं ते असं : सांगाडा 25 मिमी चौकोनी अॅल्युमिनियम पाइपचा, फळ्या 9 किंवा 12 मिमी प्लायच्या, पण आयएस 710, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का पाहूनच घ्या. कापलेल्या कडांना रंग किंवा पट्टी लावा, पाणी तिथूनच शिरतं. अॅल्युमिनियम गाडीच्या लोखंडी पत्र्याला थेट टेकवू नका, मध्ये रबर घाला. दमट खाऱ्या हवेत दोन धातू भिडले की एकाला खातंच. बोल्ट स्टेनलेसचे, नट नायलॉनची रिंग असलेले. सांगाडा सीटच्या जुन्या भोकांतच आवळा. नवं भोक पाडायचंच झालं तर आधी गाडीखाली झोपून बघा, तिथे पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप आहेत.

फळीची खोली फूटभर पुरे, पुढे दोन बोटं उंच कड. जड सामान खाली, दोन्ही चाकांच्या मधोमध. सगळ्यात आधी मात्र पैसे ड्रायव्हरमागच्या जाळीवर घाला, रॅक मागाहून होतील. फ्रीजचा कॉम्प्रेसर सात-आठ किलोचा असतो. जोराचा ब्रेक बसला की तो तुमच्या मानेकडेच येणार.

आता गॅस. फ्रीजमधला आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, सरळ पेट घेणारा, आणि एसीतला आर-32 सुद्धा पेटू शकतो. दोन्ही हवेपेक्षा जड, गळले की जमिनीलगत साचतात. म्हणून सिलिंडर बंद पेटीत कोंडायचे नाहीत. उभे, टोपी लावून, पट्ट्याने सांगाड्याला आवळलेले, आणि गाडीच्या तळाशी हवेला वाट. ब्रेझिंगचा, म्हणजे तांब्याचे पाइप जोडायचा टॉर्च त्यांच्या शेजारी नको. सिलिंडरवर 52 अंशांची मर्यादा छापलेली असते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद व्हॅन आत किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्री ते गाडीतून काढाच.

रोज लागणारं, म्हणजे कपॅसिटर, थर्मोस्टॅट, बेल्ट, मीटर, हे डाव्या सरकत्या दरवाजाशी. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते, तिथूनच हात घालता आला पाहिजे. पीसीबी, म्हणजे मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून. तांब्याचा सरळ पाइप छताशी, पीव्हीसी नळीत.

आणि उजवी बाजू अर्धी रिकामी सोडा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. चवथीच्या आधी फ्रीज बंद पडला की बाई म्हणतात, “घेऊन जा, पण परवापर्यंत द्या.” कपाटांनी गाडी भरली असेल तर तो ठेवणार कुठे? तिथे जमिनीलाच दोन कड्या बसवा, दोरी अडकवायला.

सुरुवातीचा महिनाभर साध्या प्लास्टिकच्या क्रेटांत सामान ठेवून कामं करा. कुठल्या क्रेटला हात जास्त जातो ते बघून मगच सांगाड्याची मापं द्या.

सीट काढल्या म्हणता. गाडी खासगी प्रवासी म्हणून नोंदलेली असेल तर असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतो. आरसी घेऊन आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.