पिकअपचा पहिला आणि रिव्हर्स गिअर पडत नाही, मिस्त्री गिअरबॉक्स खोलायला सांगतो; काय करावं?

भाऊ, आज तरी बॉक्स खोलू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चाललीय, उभी असताना पहिला जोर लावून टाकावा लागतो आणि रिव्हर्सला घर्रर्र होतं. पण सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, चालत्या गाडीत तिसरा-चौथा बऱ्यापैकी पडतो. त्यावरून मला क्लचचा संशय येतोय, बॉक्सचा नाही.

आधी एवढं करा. सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा दातावर दात येऊन अडला तर न्यूट्रलमध्ये हँडब्रेक सोडून गाडी वीतभर ढकला, हँडब्रेक परत ओढा आणि गिअर परत टाका. मग इंजिन चालू करून तेच करा, फक्त पुढे-मागे कुणी उभं राहू देऊ नका. बंद असताना सगळे अलगद पडले आणि चालू केल्यावर अडले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तळाला गेलं तरी क्लचची प्लेट इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, घासत राहते आणि बॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. उभ्या गाडीत पहिला टाकायचा तर तो शाफ्ट थांबायला हवा. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो रिंगच (दोन्ही दातांचा वेग जुळवून गिअर अलगद बसवणारी रिंग) नसते, म्हणून आवाज आधी तिथं येतो.

माझ्या गाडीला नेमकं हेच झालं होतं. अंबडहून मोसंबी भरून सोलापूरकडे निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात पुढचा ट्रक थांबला म्हणून मीही थांबलो, आणि नंतर पहिला पडेचना. मागे हॉर्नवर हॉर्न. शेवटी इंजिन बंद करून पहिला टाकला, मग सेल मारला, तेव्हा कुठं गाडी हलली. परत आल्यावर एका गॅरेजवाल्यानं बॉक्स खोलला. दोन दिवस गेले, मजुरी गेली, गिअर तसाच. मग बीडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलेंडरचं, म्हणजे ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणाऱ्या खालच्या सिलेंडरचं, रबरी टोपण नखानं मागं सारलं. आतून काळपट ऑइल त्यांच्या बोटावर ओघळलं. मला म्हणाले, "पेडल दाब." मी दाबलं, ते खालून बघत होते. सिलेंडरचा रॉड जेमतेम हलत होता. नवा सिलेंडर बसवला, एअर काढली, काम तासाभरात झालं. त्या दोन दिवसांचं भाडं बुडालं ते आजही मनाला लागतं, म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहितोय.

तुमचा क्लच ऑइलवर चालतो की केबलवर, ते तुम्ही लिहिलं नाही. ऑइलवर असेल तर पेडल भराभर तीन-चार वेळा दाबा आणि लगेच गिअर टाका. तेवढ्यापुरता सोपा पडला तर लाइनीत एअर आहे किंवा मास्टर (पेडलजवळचा) नाहीतर स्लेव्ह सिलेंडरचे वॉशर गेलेत. क्लच ऑइलच्या डबीतली पातळी बघा, पेडलच्या वरच्या बाजूला ओल आहे का तेही हात फिरवून बघा. डबीत झाकणावर लिहिलेलंच ऑइल टाका, डॉट ३ किंवा डॉट ४. घाईत कुणी इंजिन ऑइल ओतलं तर आतली रबरं फुगतात आणि अख्खी लाइन बदलायची वेळ येते. केबल असेल तर ती ताणली गेलीय का बघा, पेडलचा फ्री-प्ले (क्लच धरण्याआधीचा मोकळा खेळ) सेट करून घ्या. आणि हो, पेडलखाली जाडजूड मॅट सरकलीय का तेही बघा. मी हे खरंच पाहिलंय.

हे सगळं ठीक निघालं तर मात्र प्लेट, प्रेशर प्लेट आणि पायलट बेअरिंग बघावं लागेल. त्यासाठी बॉक्स खाली उतरवावाच लागतो. पण उतरवणं वेगळं आणि खोलणं वेगळं. मिस्त्रीला हे स्पष्ट विचारा, कारण मजुरीत फार फरक पडतो.

इंजिन बंद असतानाही गिअर तितकेच जड असतील, तर गिअरच्या दांड्याचे बुश आणि दांड्यापासून बॉक्सपर्यंतची जोडणी (लिंकेज) आधी बघा. फक्त थंडीत सकाळी जड आणि चार-पाच किलोमीटरनंतर मोकळे होत असतील, तर गिअर ऑइलवर लक्ष द्या. जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात धरा. सोनेरी चुरा चमकला तर पितळी सिंक्रो रिंगा झिजताहेत. नवं भरताना गाडीच्या पुस्तकातलाच ग्रेड घ्या. जीएल-४ सांगितलं असेल तिथं जीएल-५ नको, त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. एकच गिअर, समजा दुसरा, चालत्या गाडीत घासत असेल आणि बाकी सगळे चांगले असतील, तेव्हाच बॉक्स खोलायचा विचार करा.

इंजिन बंद असताना रिव्हर्स कसा पडला आणि पेडल पंप केल्यावर काय फरक पडला, एवढं बघून इथं लिहा. पुढचं सांगतो.