गाडीत तो एकटाच बसतो

(नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉनकर्डहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा 17 वर्षांचा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, मार्क चांगले. चौदाव्या वर्षी लेजेंड्सच्या छोट्या गाडीवर सुरुवात केली, आता छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतींची ‘लेट मॉडेल’ स्टॉक कार चालवतो. प्रश्न असा: कॉलेज वर्षभर पुढे ढकलून, घरावर दुसरं कर्ज काढून त्याला मोठ्या टीमकडून पूर्ण सीझन खेळवावा का?)

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नको. कर्ज काढू नका. पण पत्र वाचून माझ्या मनाला जे लागलं ते वेगळंच आहे, आणि आधी त्याबद्दल बोलते.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘जुलैमध्ये भिंतीवर आदळलो. दोन-तीन दिवस त्याचं डोकं दुखत होतं, उजेड सहन होत नव्हता, पण आम्ही पुढचा शनिवार चुकवला नाही.’ यात अभिमान आहे. मला मात्र ते वाचून धस्स झालं. डोकं दुखणं, उजेड न सोसणं ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं असू शकतात. डॉक्टरांना दाखवलं का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. दाखवलं नसेल तर या आठवड्यात दाखवा आणि ते होईपर्यंत त्याला गाडीत बसवू नका. नॅसकार या स्टॉक कार शर्यतींच्या अमेरिकी संस्थेचा नावाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असणार. 2016 मध्ये अशाच त्रासामुळे तो सीझनच्या शेवटच्या 18 शर्यती बाहेर बसला. कर्ट बुश हा कप मालिकेचा, म्हणजे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेचा, 2004 चा विजेता. 2022 मध्ये पोकोनो ट्रॅकवरच्या पात्रता फेरीत त्याची गाडी आदळली आणि पूर्ण वेळ ड्रायव्हर म्हणून तो परत आलाच नाही. एवढी मोठी माणसं थांबली, आणि तुमच्या मुलाला एक शनिवारसुद्धा मिळाला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘आम्ही तिसरे आलो’, ‘आम्ही पात्रता फेरीत मागे पडलो’, ‘आमचा पुढचा सीझन’. अख्ख्या पत्रात ‘आम्ही’ आहे. भिंतीवरसुद्धा ‘आदळलो’! गाडीत तो एकटाच बसतो हो. तीन वर्षांत 90 हजार डॉलर घातले, हे तुम्ही तीनदा लिहिलंय. मराठी मंडळात सगळ्यांना सांगून झालंय, सांगलीची आजी प्रत्येक शर्यतीचा व्हिडिओ बघते, नारायण कार्तिकेयननंतर आपलाच मुलगा, असंही लिहिलंय. कार्तिकेयन 2010 मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे पिकअप ट्रकच्या शर्यतींत, उतरला, तेव्हा तो फॉर्म्युला वनमध्ये शर्यती केलेला, कसलेला ड्रायव्हर होता. पण ते सोडा. हे सगळं त्या मुलाच्या कानावर रोज पडत असेल, तर ‘बाबा, मला नको’ हे वाक्य त्याने कुठल्या तोंडाने म्हणायचं? तुमच्या पिढीतल्या किती जणांना वडिलांनी ‘क्लासला एवढे पैसे भरलेत’ म्हणून इंजिनिअरिंगला बसवलं, आठवून बघा. इथे क्लासच्या जागी रेसट्रॅक आला, इतकाच फरक.

आता पैशांबद्दलचा एक गैरसमज. तुम्ही लिहिता, ‘मोठ्या टीमने सीट देऊ केली आहे.’ देऊ केलेली नाही, विकायला काढली आहे. हिकरी, साउथ बोस्टनसारख्या ट्रॅकवर शनिवारी रात्री जी तरुण मुलं लेट मॉडेल चालवतात, त्यातल्या बऱ्याच जणांना टीम पगार देत नाही. त्यांचे आईवडील किंवा त्यांनी गाठलेला प्रायोजक टीमला पैसे देतो. गाडी, मेकॅनिक, ट्रॅकवर नेणारा ट्रेलर, वरून रेडिओवर सूचना देणारा स्पॉटर, हे सगळं त्या पैशांत येतं. टायर आणि मोडतोडीचं बिल अनेकदा वेगळं. बक्षिसाच्या रकमेतून हा खर्च भरून निघत नाही, जिंकलात तरी. नाव स्टॉक कार असलं, तरी शोरूममधली गाडी आणून पळवायची ही गोष्ट 1949 ची, नॅसकार नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची. आजची गाडी पाइपचा सांगाडा वेल्ड करून शर्यतीसाठीच बांधतात, आणि ती वाकली की पुन्हा बांधावी लागते. म्हणजे ज्याला तुम्ही त्याची पहिली नोकरी समजताय, ती तुम्ही भरायची फी आहे. विद्यापीठाच्या फीसारखी, फक्त शेवटी पदवी नाही.

विल्यम बायरनचं उदाहरण तुम्ही दिलंय. पंधराव्या वर्षी लेजेंड्स गाडी, विसाव्या वर्षी कप मालिकेत, 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोनदा डेटोना 500, म्हणजे कप मालिकेतली सगळ्यात मानाची शर्यत. सगळं खरं. पण प्रादेशिक ड्रायव्हरचं आयुष्य कसं असतं हे बघायचं तर जॉश बेरीकडे बघा. हा मुलगा टेनेसीचा, एकेकाळी बँकेत काम करायचा. अनेक वर्षं लेट मॉडेलच चालवली, 2020 मध्ये छोट्या ट्रॅकवरच्या साप्ताहिक मालिकेचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि कप मालिकेतली पहिली शर्यत 2025 मध्ये लास व्हेगासला जिंकला, तेव्हा 34 वर्षांचा होता. ली पुलियम तर चार वेळा राष्ट्रीय विजेता, तरी कप मालिकेत कधी उतरला नाही. मिसूरीचा लॅरी फिलिप्स पाच वेळा राष्ट्रीय विजेता, त्याच्या नावावर कपची एकच शर्यत आहे. ही अपयशी माणसं नाहीत. छोट्या ट्रॅकवर लोक त्यांची नावं आदराने घेतात. शनिवारची शर्यत हेच पूर्ण आयुष्य असू शकतं, पण त्यासाठी सोमवारी कामावर जावं लागतं. तो सोमवार कुठून येणार, याचा विचार तुमच्या पत्रात नाही.

आणि तो सोमवार तुमच्या घरातच आहे, असं मला वाटतं. तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की मुलगा रात्री बारा-बारा वाजेपर्यंत गॅरेजमध्ये टायरना टेप गुंडाळून मापं घेत बसतो आणि वहीत आकडे लिहितो. तेवढा वेळ सिम्युलेटरवर बसला असता तर लॅप सुधारला असता, असं तुमचं म्हणणं. अहो, तो स्टॅगर मोजतोय. ओव्हल ट्रॅकवर गाडी सतत डावीकडे वळते, म्हणून उजव्या बाजूच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. टायर तापला, हवा वाढली की घेर बदलतो. इंचाच्या छोट्याशा अंशाने गाडी वळणात नीट बसते किंवा बाहेर सरकते. 17 वर्षांचा मुलगा कुणी न सांगता हे आकडे शर्यतीआधी आणि नंतर टिपून ठेवतो! क्रू चीफ, म्हणजे गाडीची जुळवणी ठरवणारे टीमचे प्रमुख, होणारी माणसं अशीच सुरुवात करतात. ड्रायव्हरने टीमला पैसे द्यायचे असतात. गाडीची जुळवणी करणाऱ्या माणसाला टीम पैसे देते.

त्याला ड्रायव्हर व्हायचंच नाही, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, आणि माफ करा, तुम्हालाही माहीत नाही. चार पानी पत्रात त्याने म्हटलेलं एकही वाक्य नाही.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग सोपा आहे. शार्लटच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मेकॅनिकलबरोबर मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकता येतं, तेही घरी राहून. विन्स्टन-सेलम स्टेटमध्ये मोटरस्पोर्ट मॅनेजमेंटची पदवी आहे. रजा करुथ तिथेच शिकला आणि शिकता शिकता 2024 मध्ये ट्रक मालिकेची शर्यत जिंकला. हातानेच काम करायचं असेल तर मूर्सव्हिलला नॅसकार टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. सगळं तुमच्या घरापासून दोन तासांच्या आत. त्यामुळे एक वर्ष पुढे ढकलण्याचं कारणच उरत नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही आणि त्याला स्वतःला हवं असेल, तर आहे त्या गाडीवर महिन्यातून एखादा शनिवार खुशाल जाऊ दे.

तोवर एक करा. येत्या रविवारी गॅरेजमध्ये जा, एक स्टूल घेऊन बसा आणि ती वही त्याला दाखवायला सांगा. लॅप टाइम विचारू नका, पुढच्या सीझनचा विषय काढू नका. तो समजावून सांगेल तेवढं ऐका.

पुढचं पत्र मला त्याच्याकडून हवं आहे. मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत लिहू दे. आणि पाठवण्याआधी तुम्ही ते वाचायचं नाही.